माळ्यावरचे क्लाइंबिंग शूज खाली काढा

नोकरी-संसारात क्लाइंबिंग सुटलेल्यांसाठी. हा छंद महाग असतो, हे अर्धंच खरं. बोल्डरिंगला दोर, हार्नेस काहीच लागत नाही. शूज, खडू आणि खाली पडताना सांभाळायला क्रॅशपॅड. पॅड चौघांत मिळून घ्या. खडू म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, जिम्नॅस्टिक्सवाले वापरतात तोच. शूजचा तळ झिजला असेल तर नवा जोड कशाला? रबर बदलून मिळतं.

मात्र माळ्यावरचा जुना दोर, स्लिंग आणि हार्नेस वापरू नका. नायलॉन नुसतं पडून राहिलं तरी जुनं होतं. बहुतेक कंपन्या जास्तीत जास्त 10 वर्षांची मुदत देतात. कॅराबिनर तडा, गंज, झीज नीट तपासून वापरता येतात. कंजूषपणा करायचाच तर चहा-वडापावात करा!

कातळ तर दारातच आहे. मुंबईकरांना कान्हेरी आणि मुंब्रा जवळ. पावसाळ्यात शेवाळलेल्या बेसॉल्टच्या वाटेला जाऊ नका, आणि आग्या मोहोळ दिसलं तर मुकाट्याने परत फिरा.

सुरुवातीला सोपेच रूट घ्या. स्नायू लवकर तयार होतात, बोटांच्या स्नायुबंधांना कितीतरी जास्त वेळ लागतो. चाळिशीत हे फार जाणवतं.

ठाणे-डोंबिवलीकडचं कोणी आहे का? पॅडची वर्गणी काढू.