पोल सॉ हाती घेण्याआधी तारेचे अंतर मोजा. घरच्या बागेतील छाटणीत खरा धोका कोठे असतो?

म्हैसूर : एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस सोसाट्याच्या वाऱ्यासह येतो, तेव्हा म्हैसूरच्या वसाहतींत फांद्या मोडून पडणे आणि त्यांच्याबरोबर विजेच्या तारा तुटणे हे नेहमीचे दृश्य असते. त्यामुळे वळीव सुरू होण्याआधी आवारातील गुलमोहर, करंज किंवा शेवगा छाटून घेण्याकडे घरमालकांचा कल असतो. पूर्वी या कामासाठी झाडावर चढणारा माळी आणि त्याच्या हातातील कोयता एवढेच साधन होते. आता लांब दांड्याची विद्युत करवत, म्हणजेच ‘पोल सॉ’, बाजारात सहज मिळू लागली आहे. जमिनीवर उभे राहून उंच फांदी कापता येते, हा तिचा मोठा गुण होय. शिडीवरून किंवा झाडावरून पडण्याची भीती त्यामुळे टळते. तथापि त्याच दांड्यामुळे माणसाचा हात विजेच्या तारेपर्यंत पोहोचतो आणि एका धोक्याची जागा दुसरा धोका घेतो.

यंत्र कसे असते?

पोल सॉची रचना साधी आहे. साधारण अडीच ते तीन मीटर लांबीचा दांडा, त्याच्या टोकाला वीस ते पंचवीस सेंटीमीटर लांबीची पट्टी आणि त्या पट्टीच्या खोबणीतून वेगाने फिरणारी दातेरी साखळी, असे तिचे स्वरूप असते. काही यंत्रे घरातील २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर वायर जोडून चालतात, तर काही बॅटरीवर. दांडा वजनाला हलका ठेवण्यासाठी बहुधा ॲल्युमिनियमचा केलेला असतो आणि ॲल्युमिनियम हा विजेचा उत्तम वाहक आहे. मुठीवर रबराचे आवरण असले तरी ते पकड घट्ट राहावी यासाठी असते. उच्चदाबाच्या विजेपासून ते संरक्षण देत नाही. दांडा काचतंतूचा असला, तरी त्यावरील ओल, धूळ आणि टोकाचा धातूचा भाग लक्षात घेता त्यावर विसंबून राहणे योग्य नाही.

बॅटरीवरील यंत्राबाबत एक गैरसमज आढळतो. बॅटरी कमी व्होल्टची असल्याने विजेचा धक्का बसणारच नाही, असे अनेकांना वाटते. यंत्राच्या स्वतःच्या विजेपुरते ते खरे आहे. परंतु जीवघेणा धोका यंत्रातील विजेचा नसून डोक्यावरच्या तारेतील विजेचा असतो.

झाडे आणि तारा यांचे जुने शेजार

विजेच्या बाबतीत म्हैसूर संस्थान देशात अग्रेसर होते. कावेरीवरील शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्रातून १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज मिळू लागली आणि पुढील काही वर्षांत बंगळूर व म्हैसूर ही शहरे विजेच्या दिव्यांनी उजळली. रस्त्याच्या कडेला सावलीची झाडे लावण्याची परंपराही येथे जुनी आहे. परिणामी अनेक रस्त्यांवर झाडांचा विस्तार आणि तारांचे जाळे यांनी एकच जागा व्यापलेली दिसते. घराच्या आवारातील झाडही वाढता वाढता कुंपणाबाहेरच्या तारेला भिडते.

तीस बाय चाळीसचे गणित

अनेक उत्पादकांच्या वापरपुस्तिका सांगतात की पोल सॉ विद्युत वाहिनीपासून किमान १५ मीटर दूर ठेवावी. काही पुस्तिकांत हे अंतर १० मीटर दिलेले असते. म्हैसूरमधील घरांचे भूखंड पाहिले म्हणजे या सूचनेचा अर्थ स्पष्ट होतो. येथे तीस बाय चाळीस फुटांचा भूखंड सर्वपरिचित आहे. त्याचा कर्ण, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर, बरोबर ५० फूट भरते. ५० फूट म्हणजे सुमारे सव्वापंधरा मीटर. याचा अर्थ असा की घरासमोरच्या रस्त्यावरून तार जात असेल, तर त्या आवारात १५ मीटरची अट पाळता येईल अशी जागा जवळजवळ उरतच नाही.

तार नियमाप्रमाणे टाकलेली असली तरी हा प्रश्न सुटत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार इमारतीजवळून जाणाऱ्या ११ हजार व्होल्टपर्यंतच्या वाहिनीचे इमारतीपासूनचे आडवे अंतर किमान १.२ मीटर असावे लागते. सज्जात किंवा गच्चीवर उभे राहून तीन मीटरचा दांडा पुढे करणाऱ्यास हे अंतर अजिबात पुरेसे नाही. म्हणूनच गच्चीवरून पोल सॉ चालवणे हे जमिनीवरून चालवण्यापेक्षा कितीतरी अधिक धोक्याचे आहे. उंचीवरून काम सोपे वाटते. परंतु तोल जाण्याची भीती परत येते आणि तार जवळ येते.

उच्चदाबाच्या वाहिनीला दांडा प्रत्यक्ष टेकलाच पाहिजे असेही नाही. पुरेसा जवळ गेल्यास वीज हवेतून झेप घेऊ शकते. कापलेली ओली फांदी तारेवर पडली तर तीही वीज वाहून नेते. ११ हजार व्होल्टपुढे पायातील रबरी चप्पल किंवा हातातील बागकामाचे मोजे यांचा काहीही उपयोग नसतो.

घरातील संरक्षक उपकरणे तेथे निरुपयोगी

वायरवर चालणारी पोल सॉ ३० मिलिअँपिअर क्षमतेच्या आरसीसीबीमार्फतच जोडावी. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांत तेवढा फरक पडताच हे उपकरण पुरवठा तोडते. त्यामुळे चिरलेली वायर किंवा बिघडलेली मोटर यांपासून जीव वाचू शकतो. मात्र दांडा रस्त्यावरील तारेला लागला, तर तो प्रवाह घराच्या वायरिंगमधून आलेलाच नसतो. त्यामुळे घरातील आरसीसीबी त्याला रोखू शकत नाही.

हीच गोष्ट मेन स्विचची. घराचा मेन स्विच बंद केल्याने रस्त्यावरील वाहिनी बंद होत नाही आणि खांबापासून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायरही बंद होत नाही. तसेच वीज गेली म्हणजे तार निर्धोक झाली, असा निष्कर्षही काढता येत नाही. पुरवठा कोणत्याही क्षणी परत येऊ शकतो. शेजारच्या जनित्राची वीज चुकीच्या जोडणीमुळे उलट दिशेने वाहिनीत येऊ शकते. वाहिनी बंद करून, तपासून आणि जमिनीशी जोडून सुरक्षित करणे हे प्रशिक्षित वीज कर्मचाऱ्यांचेच काम होय. म्हैसूर परिसरात ही जबाबदारी चामुंडेश्वरी विद्युत पुरवठा महामंडळाकडे आहे. तेथे, तसेच महाराष्ट्रात महावितरणकडे, १९१२ या क्रमांकावर संपर्क साधता येतो. तारेला टेकलेली किंवा तारेवर पडू शकेल अशी फांदी घरमालकाने वा माळ्याने स्वतः कापू नये.

कापण्याची पद्धत

तारेचा प्रश्न मिटल्यावर झाडाकडे वळावे. प्रथम फांद्यांमध्ये मधमाश्यांचे पोळे, विशेषतः आग्या मोहोळ, तसेच लाल मुंग्यांची किंवा पक्ष्यांची घरटी नाहीत ना, हे पाहावे. पोळे असल्यास काम थांबवावे. वारा किंवा पाऊस असताना यंत्र चालवू नये. साखळीचा ताण, धार आणि पट्टीसाठीचे तेल तपासावे. त्याआधी बॅटरी काढलेली किंवा प्लग सॉकेटमधून बाहेर असला पाहिजे.

फांदीच्या थेट खाली कधीही उभे राहू नये, हा पोल सॉचा पहिला नियम आहे. दांडा जमिनीशी ६० अंशांपेक्षा अधिक उभा नसावा. म्हणजे फांदी पडते ती जागा माणसापासून दूर राहते. फांदीचे बुंध्याकडील टोक खाली झोका घेऊ शकते आणि जमिनीवर आदळून उसळूही शकते, हे ध्यानात घेऊन मागे सरकण्याची वाट आधीच मोकळी करून ठेवावी. यंत्राची वायर त्या वाटेत पसरलेली नसावी. इतर माणसे, मुले आणि पाळीव प्राणी यांना १५ मीटर दूर ठेवावे. आवार तेवढे मोठे नसेल, तर त्यांना घरात पाठवावे आणि रस्त्याच्या बाजूला एक माणूस उभा करावा.

जड फांदी एकाच घावात कापल्यास ती अर्धवट तुटून खोडाची साल ओरबाडत खाली येते. त्यासाठी तीन छेदांची पद्धत वापरतात. पहिला छेद खोडापासून सुमारे ३० सेंटीमीटर अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूने, जाडीच्या पाव ते तृतीयांश भागापर्यंत द्यावा. दुसरा छेद त्याच्या थोडा पुढे, वरच्या बाजूने द्यावा. त्याने फांदी सालीला इजा न करता खाली येते. उरलेला खुंट तिसऱ्या छेदाने काढावा. लांब फांदी टोकाकडून तुकड्यातुकड्यांनी उतरवणे अधिक सुरक्षित असते. साखळी फिरू लागल्यानंतरच ती लाकडाला टेकवावी आणि यंत्राच्या वजनानेच छेद होऊ द्यावा. पट्टीचे टोक दुसऱ्या फांदीला लागल्यास यंत्राला जोराचा उलटा हिसका बसतो.

तिसरा छेद कोठे द्यायचा, यावर झाडाचे आरोग्य अवलंबून असते. फांदी खोडाला मिळते तेथे किंचित फुगीर कडे दिसते. छेद त्या कड्याच्या लगेच बाहेर असावा. कडे कापू नये आणि लांब खुंटही ठेवू नये. अमेरिकी वन सेवेतील शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी असंख्य खोडे उभी चिरून दाखवून दिले की झाडाची जखम प्राण्याप्रमाणे भरून येत नाही. झाड त्या भागाला आतून वेगळे पाडते आणि भोवती नवे लाकूड वाढवून तो झाकून टाकते. कड्याचा भाग या बचावासाठी आवश्यक असतो. तो कापला गेला तर कूज खोडात शिरते आणि काही वर्षांनी तेच झाड वादळात धोक्याचे ठरते. एका वेळी विस्ताराच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा अधिक छाटणी करू नये.

डोक्यावर शिरस्त्राण, डोळ्यांवर चष्मा, पायांत बंद बूट आणि अंगावर घट्ट बसणारे कपडे असावेत. लुंगी, ओढणी किंवा मोकळे केस साखळीत अडकू शकतात. यंत्राचे सारे वजन दांड्याच्या टोकाशी असल्याने खांदे लवकर थकतात आणि थकलेल्या हाताचा नेम चुकतो. म्हणून थोड्या थोड्या वेळाने विश्रांती घ्यावी.

अपघात झाल्यास

दांडा तारेला लागून कोणी चिकटला किंवा कोसळला, तर त्याला ओढण्यासाठी धावणाराही बळी पडू शकतो. वाहिनी बंद झाल्याची वीज कर्मचाऱ्यांनी खात्री करीपर्यंत त्या व्यक्तीला, यंत्राला आणि फांदीला स्पर्श करू नये, जवळही जाऊ नये. तातडीने १९१२ आणि ११२ या क्रमांकांवर कळवावे.

कायद्याचा भागही विसरता येणार नाही. कर्नाटकात १९७६ चा आणि महाराष्ट्राच्या नागरी भागांत १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. झाड स्वतःच्या आवारातील असले, तरी मोठ्या फांद्या काढण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याकडे किंवा स्थानिक संस्थेकडे विचारणा करणे हिताचे ठरते.

प्रत्यक्षात हे यंत्र अनेकदा घरमालकाच्या हातात नसते. ते मजुरीवर आलेल्या माळ्याच्या हातात दिले जाते आणि ठरलेले काम संपत आल्यावर ‘तारेजवळची तेवढी एक फांदीही काढून टाक’, असे सांगितले जाते. दिवसाची मजुरी हाती पडायची असताना या सांगण्याला नकार देणे त्याला कठीण असते. म्हणून कोणती फांदी कापायची नाही, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरवण्याची जबाबदारी काम सांगणाऱ्याची आहे. झाड, कुंपण आणि तार यांतील अंतर जमिनीवरून टेपने किंवा पावलांनी मोजावे. ते पुरेसे नसेल, तर करवत बाजूला ठेवून आधी वीज कार्यालयाला दूरध्वनी करावा.