दहावीत चित्रकलेचे जादा गुण मिळतात, पण चित्रकला शिकवतं कोण?

दहावीचा निकाल लागला की एक प्रश्न हमखास येतो. दोन मुलांचे पेपरातले गुण सारखेच, मग एकाची टक्केवारी जास्त कशी? अनेकदा उत्तर एकच असतं. त्याने इंटरमिजिएट दिलेली असते.

ही परीक्षा नेमकी काय आहे?

राज्याचं कला संचालनालय शासकीय रेखाकला परीक्षा घेतं. तिच्या दोन पायऱ्या आहेत, आधी एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट. साधारण सातवी-आठवीत पहिली आणि नववी-दहावीत दुसरी देतात. मुलांना वस्तू समोर ठेवून चित्र काढावं लागतं, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र करावं लागतं, शिवाय भूमिती आणि अक्षरलेखन असतं.

२०१७ मध्ये ठरल्याप्रमाणे इंटरमिजिएटमध्ये ए ग्रेडला ७, बी ग्रेडला ५ आणि सी ग्रेडला ३ जादा गुण दहावीत मिळतात. ५०० पैकी ७ म्हणजे १.४ टक्के. अकरावीच्या कटऑफला पाव टक्क्यानेही कॉलेज हुकतं, हे पालकांना वेगळं सांगायला नको.

मग अडचण कुठे आहे?

शिक्षण हक्क कायदा (२००९) सांगतो की सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कला शिक्षणाचे अर्धवेळ निदेशक असावेत. पण ही अट १०० पेक्षा जास्त पटाच्या शाळांना आहे. पट त्याहून कमी असेल तर सक्ती नाही. पहिली ते पाचवीसाठी तर वेगळ्या कला शिक्षकाची अटच नाही. तिथे वर्गशिक्षकच चित्रकलाही घेतात, आणि अभ्यासक्रम मागे पडला की पहिला बळी जातो तो याच तासाचा.

म्हणजे गुण सगळ्यांसाठी, पण शिकवणारा माणूस सगळ्यांना नाही. ज्याला परवडतं तो खासगी क्लास लावतो. बाकीच्यांना परीक्षेचं नावही उशिरा कळतं.

वरसाव्याचं मूल काय काढेल?

मीरा-भाईंदरमधलं वरसावे घ्या. ठाण्याहून येणारा घोडबंदर रस्ता इथे मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. एका बाजूला वसईची खाडी आणि पूल, जवळच घोडबंदरचा किल्ला, मागे राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. घोडबंदर-काशिमीरा पट्ट्यात आदिवासी पाडेही आहेत.

स्मरणचित्रात हेच तर लागतं! पाहिलेला प्रसंग आठवून माणसं, वस्तू, जागा कागदावर मांडायची. नाक्यावर अडकलेले ट्रक रोज बघणाऱ्या मुलाकडे विषयांची कमतरता नाही. वारली चित्रं बघा. गोल, त्रिकोण, चौकोन एवढ्यावर अख्खं लग्न आणि तारपा नाच उभा राहतो. संकल्पचित्रासाठी यापेक्षा चांगला धडा कुठला?

पण बघितलेलं कागदावर उतरवायला हाताला सवय लागते. ती आठवीतल्या दोन महिन्यांच्या तयारीत येत नाही. पहिली-दुसरीत मनसोक्त रेघोट्या, तिसरी-चौथीत समोरची वस्तू बघून काढणं, पुढे प्रमाण आणि रंगछटा, असा तो हळूहळू बसतो.

पालकांनी काय करावं?

शाळेला तीन प्रश्न विचारा:

- आठवड्याला चित्रकलेचे तास किती, आणि ते खरंच होतात का?
- शिकवणारे कला शिक्षक आहेत का?
- एलिमेंटरीचे फॉर्म शाळा भरते का, आणि कधी?

सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय काढा. कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात.

आणि घरी? वापरलेल्या वहीची कोरी पानं आणि एक पेन्सिल पुरे. स्वयंपाकघरातला तांब्या समोर ठेवा आणि काढायला सांगा. परीक्षेत वस्तुचित्राला यापेक्षा फार वेगळं काही नसतं.