पंपाच्या एंजिनास गॅस्केट किती जाडीचे असावे?

रब्बीच्या हंगामात विहिरीवरील डिझेल एंजिन दुरुस्तीस उघडले, की पाणीपाळी चुकण्याच्या धास्तीने ते घाईने जोडले जाते व दुकानात मिळेल ते गॅस्केट हेडखाली बसते. मग थंडीच्या सकाळी हँडल मारून हात भरून येतात, पण एंजिन सुरू होत नाही.

गॅस्केटचे काम केवळ दाब व पाणी अडविण्याचे नाही. दट्ट्या वरच्या टोकास पोहोचल्यावर हेडखाली किती जागा उरावी, हेही त्याच्या जाडीवर अवलंबून असते. डिझेल एंजिनात ठिणगी नसते; कोंडलेली हवा दाबाने तापते व त्या उष्णतेनेच इंधन पेटते. ८० मिलिमीटर व्यास, ११० मिलिमीटर धाव आणि साडेसोळास एक असे दाबाचे प्रमाण असलेले ५ अश्वशक्तीचे एंजिन घ्या. दट्ट्याच्या एका धावेचे घनफळ सुमारे ५५३ घन सेंटिमीटर व वर उरणारी जागा सुमारे ३६ घन सेंटिमीटर असते. गॅस्केट अर्धा मिलिमीटर जाड झाल्यास या जागेत अडीच घन सेंटिमीटरची भर पडते आणि प्रमाण साडेपंधरावर उतरते. एंजिन सुरू होण्यास त्रास देते, पांढरा धूर सोडते व डिझेल अधिक खाते. उलट, गॅस्केट फार पातळ असल्यास दट्ट्या हेडवर वा झडपांवर आदळतो.

जाडी अंदाजाने न ठरविता पुढीलप्रमाणे मोजून ठरवावी :

१. शिसाच्या तारेचे दोन तुकडे दट्ट्याच्या माथ्यावर, पिनेच्या रेषेत व झडपांपासून दूर, ग्रीसने चिकटवावे.

२. जुने गॅस्केट घालून हेड पूर्ण आवळावे व फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवून दट्ट्या वरच्या टोकापलीकडे न्यावा.

३. हेड उतरवून चेपलेली तार मायक्रोमीटरने मोजावी. हे अंतर उत्पादकाच्या पुस्तिकेतील मापापेक्षा जास्त असल्यास तितके पातळ, कमी असल्यास तितके जाड गॅस्केट घ्यावे. नवे गॅस्केट आवळल्यावर दबते. म्हणून दबलेली जाडी हिशेबात धरावी.

ब्लॉकचा माथा घासला असल्यास हे अंतर कमी होते. हेड घासले असल्यास झडपा दट्ट्याच्या जवळ येतात. त्यांची खोली वेगळी तपासावी.

दोन गॅस्केटे एकावर एक घालू नयेत. अखेरच्या जोडणीस जुने गॅस्केट वापरू नये. नट समोरासमोरचे घेऊन, दोन-तीन टप्प्यांत, पुस्तिकेत सांगितलेल्या जोरानेच आवळावेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही रीत शेतकरी बंधूंना प्रत्यक्ष करून दाखवावी. घटकाभराच्या मोजमापाने दुसऱ्यांदा एंजिन उघडण्याचा खर्च टळतो व उभ्या पिकास वेळेवर पाणी मिळते.