महाविद्यालयीन व्याख्यानांतील लिंगभाव, स्त्रीवाद आणि कुटुंब : एक विवेचन

प्रस्तावना
महाविद्यालयाच्या वार्षिक नियोजनात ३ जानेवारी व ८ मार्च या दोन तारखा ठरलेल्या असतात. पहिल्या दिवशी सावित्रीबाई फुले यांच्या प्रतिमेचे पूजन, दुसऱ्या दिवशी एखाद्या कर्तबगार महिलेचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार आणि दोन्ही दिवशी एक व्याख्यान होते. महिला विकास कक्ष हे कार्य निष्ठेने पार पाडतो, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि या व्याख्यानांत स्त्रीविषयी पुष्कळ बोलले जाते. ती ज्या घरात राहते त्या घराविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. प्रस्तुत लेखात या उणिवेचा विचार केला आहे.

संकल्पना
'लिंग' ही शरीराची बाब आहे. 'लिंगभाव' म्हणजे समाजाने त्या शरीरानुसार वाटून दिलेली कामे, अपेक्षा व अधिकार यांची व्यवस्था होय. गर्भधारणा पहिल्या कक्षेत येते. जेवणानंतर ताटे कोणी उचलावीत हा प्रश्न दुसऱ्या कक्षेतील आहे. विद्यार्थी हा भेद वहीत उतरवून घेतात, परीक्षेतही लिहितात. ताटांचा उल्लेख झाला की सभागृहात हशा मात्र पिकतो. 'स्त्रीवाद' म्हणजे पुरुषद्वेष आणि घर मोडणे, असा समज रूढ आहे. 'मी स्त्रीवादी नाही, पण...' अशी सुरुवात करणारे वक्ते तो समज नकळत दृढ करतात.

घरातून निघालेली चर्चा
वस्तुतः महाराष्ट्रात ही चर्चा घरातूनच सुरू झाली होती. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. निमित्त सुरतेच्या एका विधवेला झालेल्या शिक्षेचे होते. परंतु त्यांचा रोख पुनर्विवाहबंदीवर आणि एकाच दोषासाठी स्त्री व पुरुष यांना लावल्या जाणाऱ्या वेगळ्या मापांवर होता. १८८४ मध्ये रखमाबाईंविरुद्ध त्यांच्या पतीने मुंबईत दावा लावला. १८८७ मध्ये 'नांदावयास जा, अन्यथा सहा महिने कारावास' असा निर्णय झाला, तेव्हा त्यांनी कारावासाची तयारी दर्शविली. पुढे त्या डॉक्टर झाल्या. आपल्या व्याख्यानांत डॉक्टर रखमाबाई येतात, खटला गाळला जातो. कर्तृत्वाचे कौतुक सोपे असते. विवाहातील संमती हा विषय तितका सोपा नाही.

घरकाम आणि सातबारा
राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार सहा वर्षे व त्यावरील वयाच्या ८१.२ टक्के स्त्रिया घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करीत होत्या; पुरुषांत हे प्रमाण २६.१ टक्के होते. अशा स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे, तर पुरुषांचा ९७ मिनिटे होता. येथे हे लक्षात घ्यावे की ९७ मिनिटे ही केवळ काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी आहे. उरलेले जवळजवळ तीन-चतुर्थांश पुरुष तिच्यात नाहीतच.

परंतु कुटुंबाचा कठीण प्रश्न मालमत्तेपाशी येतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला. त्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहाची ही अट राहिली नाही. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. कायदा असा निःसंदिग्ध असताना दुय्यम निबंधक कार्यालयात बहिणींची हक्कसोडपत्रे नोंदली जातात, फेरफार होतो आणि सातबाऱ्यावरून त्यांची नावे कमी होतात. सही नाकारली तर दिवाळीला, राखीपौर्णिमेला माहेरचे दार बंद होईल ही भीती त्यामागे असते. दोन एकरांचे आणखी तुकडे कसे करायचे, हा भावाचा प्रश्न खोटा नाही. वृद्ध आईवडिलांना भाऊ सांभाळतो, असेही कारण दिले जाते. प्रत्यक्षात सांभाळते ती सून, आणि तिनेही बहुधा आपल्या माहेरी सही केलेली असते.

आपल्या वर्गांत बसणाऱ्या मुलींपैकी अनेकींवर उद्या ही सही करण्याची वेळ येणार आहे, आणि त्याच वर्गातील मुले ती मागणार आहेत. म्हणून मुलांना बाहेर मैदानावर ठेवून केवळ मुलींपुढे व्याख्यान देणे प्रस्तुत लेखिकेस निरर्थक वाटते.

काही सूचना
अंतर्गत तक्रार समितीची माहिती देणे नियमानुसार आवश्यकच आहे, ती द्यावी. त्याबरोबर एखाद्या स्थानिक वकिलांना निमंत्रित करून, नावे वगळलेले एक हक्कसोडपत्र मुलामुलींच्या संयुक्त वर्गात वाचावे. 'स्वखुशीने व कोणत्याही दबावाविना' या शब्दांपाशी थांबून विद्यार्थ्यांना बोलू द्यावे. हा कार्यक्रम मार्चमध्ये ठेवू नये. तोवर परीक्षा जवळ आलेल्या असतात. प्रवेशप्रक्रिया आटोपल्यावर, ऑगस्टमध्ये, राखीपौर्णिमेच्या आठवड्यात तो घेणे सोयीचे ठरेल.