लाल चेंडूचं वजन

आमच्या गावाचं नाव कंसाशिवाय पूर्ण होत नाही. नुसतं तळेगाव म्हटलं की पुण्याकडच्या माणसाला दाभाड्यांचं आठवतं आणि आमच्याच वर्धा जिल्ह्यातला माणूस ‘टालाटुले काय?’ म्हणून विचारतो. तेव्हा तळेगाव (श्यामजी पंत). नागपूर-अमरावती रस्त्यावरचं. एस.टी.नं गेला असाल तर स्टँडवर चहा घेतला असेल, त्यापलीकडे गावाची ओळख व्हायचं काही कारण नाही.

गाव संत्र्याचं आणि, हे बाहेर कुणाला ठाऊक नसतं, टेनिस बॉल क्रिकेटचंही. दिवाळी झाली, शेतातली घाई ओसरली की पंचक्रोशीत सामने सुरू होतात. मुरमाचं मैदान, चुन्याच्या रेघा, लाउडस्पीकरवर अखंड बडबड करणारा एक उत्साही प्राणी. पहिलं बक्षीस रोख, दुसरं शील्ड आणि एखाद्या गावी चक्क बोकड. माझा भाचा या मैदानांवरचा नावाजलेला बॉलर. वय 20. आजूबाजूच्या गावांचे संघ त्याला एका दिवसासाठी बोलावून नेतात, येण्याजाण्याचा खर्च आणि वर हजार-दीड हजार रुपये देतात. घरात या पैशाला कुणी नाक मुरडत नाही. गेल्या वर्षी फवारणीचा पंप त्यातूनच आला.

तर हा भाचा ऐन मृग बहाराच्या तोडीच्या दिवसांत नागपूरला जायचं म्हणू लागला. तिथल्या एका क्लबनं त्याला नेटमध्ये बॉलिंग टाकायला बोलावलं होतं. क्लब गुझदर लीगमध्ये खेळणारा. विदर्भ क्रिकेट असोसिएशनची ही लीग म्हणजे रणजीच्या अलीकडचा उंबरठा. तिथं रणजी खेळलेले खेळाडूही उतरतात आणि कालपर्यंत कुणालाच माहीत नसलेली पोरंही.

बहीण माझ्याकडे आली. ‘‘दादा, तोडीच्या दिवसांत हा पोट्टा नागपूरले चालला. तूच सांग त्याले काही.’’

मी काय सांगणार? तीस वर्षांपूर्वी मीही असाच गेलो होतो, हे तिला माहीत होतं. म्हणूनच ती माझ्याकडे आली होती.

1994 ची गोष्ट. मीही टेनिस बॉलवर यॉर्कर टाकण्यात पंचक्रोशीत बरा समजला जात असे. शंभरेक किलोमीटर एस.टी.नं जाऊन, कॅन्व्हासचे बूट घालून मी नागपुरातल्या एका मैदानावर उभा राहिलो. हातात लाल चेंडू आला आणि पहिली जाणीव झाली ती वजनाची. टेनिसचा चेंडू साठ ग्रॅमच्या आत, हा एकशे छप्पन ते त्रेसष्ट ग्रॅमचा. म्हणजे अडीचपटीहून जड. मी माझ्या सवयीनं खांद्याला झटका देऊन यॉर्कर टाकायला गेलो आणि तो फुलटॉस झाला. पुढचाही फुलटॉस. समोरचा फलंदाज शांतपणे चेंडू मारत होता. दुसऱ्या षटकात माझा पाय ओल्या गवतावर घसरला, कारण स्पाइक्स नव्हते. चौथ्या षटकात खांदा बोलू लागला. तिथल्या गृहस्थांनी ‘‘ठीक आहे, पुढचा’’ म्हटलं. रागानं नव्हे, आणि तेच जास्त लागलं. संध्याकाळच्या गाडीनं मी परत आलो आणि बोलावणं आलं नाही असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर ‘पुन्हा येऊ का’ असं मी विचारलंच नव्हतं.

टेनिस बॉल आणि लेदर बॉल यांत फरक वेगाचा आहे असं लोक समजतात. फरक सवयीचा आहे. टेनिस बॉलला शिवण नाही, तो उसळतो फार, आणि सामना सहा-आठ षटकांचा. तिथं बॉलर दोन षटकं टाकतो, प्रत्येक चेंडू वेगळा: एक यॉर्कर, एक हळू, एक आखूड. फलंदाजाला फसवणं हाच धंदा. लाल चेंडूवर मात्र यष्ट्यांपासून सहा ते आठ मीटरवर, त्याच त्याच जागी, शिवण सरळ ठेवून टाकत राहायचं. सकाळी आठ षटकं, दुपारी सहा, संध्याकाळी चेंडू मऊ झाला की पुन्हा पाच, आणि दुसऱ्या दिवशी तेच. कंटाळा आला की संपलं. टेनिसवर ज्या करामतीला टाळ्या पडतात तिलाच इथं चौकार बसतो.

हे अंतर कापता येतच नाही असं मात्र नाही. उमेश यादवचं उदाहरण नागपूर जिल्ह्यातलंच आहे. खापरखेड्याजवळच्या वलनी कोळसा खाणीत वडील कामाला. पोरानं पोलिसात आणि लष्करात जायची खटपट केली, जमली नाही. विशीपर्यंत हा पठ्ठ्या टेनिस बॉलच खेळला. मग विदर्भ जिमखान्याकडून लेदर बॉल हातात घेतला आणि 2008 च्या नोव्हेंबरात रणजीत उतरला. मधला काळ किती थोडा! 2011 मध्ये तो कसोटी खेळला, आणि विदर्भाकडून कसोटीत गेलेला तो पहिला खेळाडू. 57 कसोटींत 170 बळी. आमच्याकडच्या प्रत्येक टेनिस बॉलरच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो असतो.

पण या गोष्टीतला एक माणूस पोरं विसरतात: प्रीतम गंधे. विदर्भाचा तेव्हाचा कर्णधार. चेंडू कुठं पडेल याचा भरवसा नसलेल्या या पोरातला वेग त्यानं पाहिला आणि आपलं वजन खर्च करून त्याला संधी मिळवून दिली. वेग आईबापाकडून मिळतो; टप्पा शिकायला सवड लागते, आणि ती सवड कुणीतरी द्यावी लागते. उमेशला ती मिळाली. न मिळालेल्यांची यादी कुठं छापून येत नाही.

विदर्भाच्या बाजूनं एवढं म्हणायला हवं की आता दार पूर्वीइतकं घट्ट नाही. एकेकाळी रणजीत आमची गणना सोप्या प्रतिस्पर्ध्यांत होई. 2017-18 मध्ये इंदूरला दिल्लीला हरवून करंडक आणला, तेव्हा त्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेला होता. 2018-19 मध्ये पुन्हा विजेतेपद, 2024-25 मध्ये तिसरं. त्या हंगामात डावखुऱ्या हर्ष दुबेनं 69 बळी घेऊन रणजीतला एका हंगामाचा विक्रमच मोडला.

आणि गंमत अशी की टेनिस बॉललाही आता स्वतःचा दरवाजा फुटला आहे. 2024 च्या मार्चमध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव मैदानावर इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली. टेनिस बॉल, दहा षटकं, लिलाव, टीव्ही, मालकांत सिनेमातली बडी मंडळी. दुसऱ्या वर्षी ‘माझी मुंबई’ जिंकली. म्हणजे भाच्यापुढे आज दोन रस्ते आहेत. माझ्या वेळी एकच होता आणि तो दुपारपर्यंत संपला.

तर भाचा गेला. मीही गेलो, बहिणीला सांगितलं की लक्ष ठेवायला जातो. नेटमध्ये रणजी खेळलेला एक फलंदाज होता. भाच्यानं पहिलाच यॉर्कर झकास टाकला, त्यानं तो अलगद पायाशी दाबला. दुसरा आखूड, तो मागे जाऊन हुक केला. मग हळू चेंडू. त्याची तर तो वाटच पाहत असल्यासारखा थांबला. अर्धा तास हेच. मला माझे कॅन्व्हासचे बूट आठवत होते. भाचा घामाघूम झाला, चिडला, आणि चिडल्यावर करामती विसरून नुसता टाकू लागला. त्यातले दोन चेंडू एकाच जागी पडले आणि दोन्ही वेळा बॅटच्या कडेजवळून गेले. फलंदाजानं मान वर करून प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिलं.

नंतर तोच फलंदाज त्याच्याजवळ आला. म्हणाला, ‘‘तुझ्या हातात आहे. पण तू काय टाकणार ते मला आधी कळतं. ते दोन टाकलेस ना, ते कसे पडले सांग.’’ भाच्याला सांगता येईना.

क्लबवाले म्हणाले, आठवड्यातून दोनदा ये. पैसे मिळणार नाहीत. आणि हा हंगाम टेनिसचे सामने बंद, खांद्याचा झटका जाईपर्यंत.

परतीच्या गाडीत तो बराच वेळ गप्प होता. कारंजा मागे पडल्यावर म्हणाला, ‘‘मामा, टेनिस सोडलं तर घरी काय सांगू? महिन्याचे पाच-सहा हजार जातात.’’ मी म्हटलं, हिशेब तुझा आहे. घरी मात्र बहिणीला सगळं मीच सांगितलं, माझी 1994 ची खरी गोष्टही. ती म्हणाली, ‘‘तू इचारलंच नाही? इतकी वर्षं तर म्हणून राह्यला की बोलावलंच नाही!’’ मग बराच वेळ संत्री निवडत राहिली. शेवटी एका हंगामाची मुदत ठरली. पुढच्या दिवाळीपर्यंत दोन दिवस नागपूर, बाकीचे दिवस बगिचा. त्यानंतर पाहू. ठाण्याची लीग काही पळून जात नाही, असं भाचा स्वतःच म्हणाला. किती मनापासून, ते मला ठाऊक नाही.

हल्ली संध्याकाळी तो शाळेच्या मैदानावर असतो. सात मीटरवर खताच्या रिकाम्या पोत्याचा ताटभर तुकडा खिळ्यांनी ठोकलेला आहे. फलंदाज नाही, लाउडस्पीकर नाही, प्रेक्षक म्हणून मी आणि एक गाय. परवा बहीण बगिच्यातून परतताना कुंपणाशी थांबली.

‘‘किती पडले रे?’’

‘‘चाळीसातले अकरा.’’

‘‘काल?’’

‘‘नऊ.’’

‘‘बरं. अंधार पडायच्या आत ये,’’ म्हणाली आणि घराकडे चालू लागली.