दहा मेगाबाइटांची देवनागरी

विंडोज एक्सपी २००१ साली बाजारात आली तेव्हा तिच्या सीडीवर देवनागरी होती, पण ती आपणहून संगणकात उतरत नसे. इंग्रजी एक्सपी नेहमीच्या पद्धतीने इन्स्टॉल केली की भारतीय लिप्या, अरबी, हिब्रू, थाई यांच्या फाइली सीडीवरच राहत. ज्याला हव्या असतील त्याने कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या पानावर जाऊन एका चौकटीत खूण करायची, सीडी पुन्हा घालायची आणि संगणक बंद करून चालू करायचा. खूण करताच सूचना येई : १० मेगाबाइट किंवा अधिक जागा लागेल. चिनी-जपानी-कोरियनसाठी हाच आकडा २३० होता. म्हणजे आमची लिपी तशी स्वस्तच!

ही खूण नसली तर काय होई? युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना आधी क, मग वेलांटी, असा उच्चाराचा क्रम असतो. पडद्यावर मात्र ऱ्हस्व वेलांटी कच्या डावीकडे न्यावी लागते, जोडाक्षरे जुळवावी लागतात. ती जुळणी सुरू नसली की अनेक प्रोग्रामांत वेलांटी उजवीकडे पडे, पाय मोडलेली अक्षरे सुटी उभी राहत. मंगल हा फॉन्टच नसला तर नुसते चौकोन.

जुन्या मराठी फॉन्टना हा त्रास नव्हता. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत, त्यामुळे विंडोजच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. आपल्या छपाईच्या जगात युनिकोड उशिरा रुजले, त्याला फॉन्टच्या सौंदर्याइतकीच ही रिकामी चौकटही कारणीभूत आहे असे माझे मत आहे.

खरे तर ती चौकट आधीच भरून ठेवता येत असे. एक्सपीचे सेटअप जे प्रश्न विचारते त्यांची उत्तरे ‘विननट डॉट एसआयएफ’ या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवण्याची सोय होती. तिच्यात भाषागटांना क्रमांक असत : थाई ११, हिब्रू १२, अरबी १३, भारतीय लिप्या १५. ‘१५’ लिहिले की प्रत्येक संगणक देवनागरीसकटच उभा राही. कार्यालयात वीस संगणक मांडणाऱ्याला एवढी एक ओळ पुरेशी होती. ती फारच थोड्यांना ठाऊक होती.

उलट, काढून टाकण्याची विद्या झपाट्याने पसरली. मायक्रोसॉफ्टने काही घटक यादीतून लपवले होते. ‘सिसॉक डॉट आयएनएफ’ या फाइलीत त्यांच्या ओळीत ‘हाइड’ असा शब्द असे, तो खोडला की ते ‘काढा-घाला’च्या यादीत प्रकट होत. ब्राउझर वेगळा काढता येतो की नाही यावर अमेरिकेत १९९८पासून खटला चालला. २००४ साली युरोपीय आयोगाने मीडिया प्लेअरविना विंडोज देण्याचा आदेश दिला. लिपीसाठी कोणी न्यायालयात गेले नाही.

मग एनलाइट नावाचा प्रोग्राम आला. सीडीची प्रत त्याला द्यायची, नको ते घटक निवडायचे, सर्व्हिस पॅक आणि ड्रायव्हर त्यात मिसळायचे, की नवी सडपातळ सीडी तयार. जुन्या, कमी मेमरीच्या यंत्रांना याचा खरोखर उपयोग झाला. मात्र इथे घटक सीडीवरूनच जात. भाषा आणि कळफलक हे तर ‘नको’च्या यादीत हमखास. अशा सीडीवरून बसवलेली यंत्रे मी पुष्कळ पाहिली. मालक चौकटीत खूण करी, संगणक फाइल मागे, आणि ती फाइल कुठेच नसे. दुकानदार सांगे, ‘याला मराठी येत नाही.’

व्हिस्टापासून ही चौकट गेली, भारतीय लिप्या मुळातच चालू आल्या. पण विंडोज १०मध्ये मंगल पुन्हा ऐच्छिक घटकांत गेला, मूळ संचात निर्मला हा फॉन्ट राहिला. तेव्हा मंगलमध्ये जुळवलेले तुमचे जुने हस्तलिखित नव्या संगणकावर वेगळे दिसू लागले, पानांची संख्या बदलली, तर सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये जाऊन देवनागरीचे पूरक फॉन्ट घ्या. मराठी भाषा जोडली तरी ते येतात. या वेळी सीडी लागत नाही, इंटरनेट लागते.