युगोस्लाव्ह रायफलीची पारख

सर्बियातील क्रागुयेवाट्स नगरात १८५३ साली पहिली तोफ ओतली गेली आणि शस्त्रनिर्मिती हाच त्या नगराचा मुख्य व्यवसाय होऊन बसला. पहिल्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हियाच्या राजेशाही सरकारने बेल्जियमच्या एफ.एन. कंपनीशी करार करून माउझर पद्धतीच्या रायफली येथे तयार करविण्यास आरंभ केला. पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने नगर काबीज करून १९४१ च्या ऑक्टोबरात तेथील दोन हजारांहून अधिक नागरिकांची हत्या केली. आणि युद्ध संपल्यावर टिटोंच्या समाजवादी राजवटीने त्याच कारखान्यात ७.९२ मिलिमीटर व्यासाच्या रायफली पुनश्च घडविल्या. युरोप-अमेरिकेच्या जुन्या बाजारात आज ज्या युगोस्लाव्ह बंदुका दिसतात, त्यांच्या अंगावर हा सारा इतिहास अक्षरशः कोरलेला असतो, आणि तो वाचता येणे म्हणजेच त्यांची पारख.

या माउझर पद्धतीच्या बंदुकांची तीन प्रमुख कुळे आहेत. एम-२४/४७ म्हणजे युद्धपूर्व बंदुकीची १९४७ नंतरच्या योजनेत दुरुस्ती करून सिद्ध केलेली आवृत्ती. तिच्या बोल्टची मूठ सरळ बाहेर निघते. एम-९८/४८ ही मूळची जर्मन बंदूक. ती युद्धात हस्तगत झाली, तिच्यावरील जर्मन चिन्हे बहुधा खरवडली गेली आणि तिच्यावर मशाली, गव्हाच्या लोंब्या व तारा असलेला युगोस्लाव्ह शिक्का उमटविण्यात आला. तिसरी एम-४८ ही १९५० नंतरची सर्वस्वी नवी निर्मिती. तिच्यातील बहुतेक लोखंडी भाग प्रथम कातून काढलेले होते. एम-४८ए मध्ये काडतुसांच्या कप्प्याचा तळ पत्रा ठोकून केलेला आढळतो. निर्यातीसाठी शिक्कारहित एम-४८बीओही निघाली.

या तिसऱ्या कुळाविषयी ग्राहकांची फार दिशाभूल होते. वाकवलेल्या मुठीमुळे ती जर्मन के-९८ सारखी भासते, म्हणून काही विक्रेते तिला दुसऱ्या महायुद्धातील जर्मन बंदूक म्हणून विकतात. वास्तविक त्या युद्धात ती बंदूक अस्तित्वातच नव्हती. ओळख मात्र सोपी आहे: जर्मन बंदुकीत नळीवरचे लाकडी आवरण मागील निशाणाच्या पुढून सुरू होते, तर युगोस्लाव्ह एम-४८ मध्ये ते निशाणाच्या मागून, थेट रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याच्या) कड्यापासून निघते. शिवाय तिचा रिसीव्हर किंचित आखूड असल्याने जर्मन बोल्ट तिच्यात बसत नाही.

मूल्यनिर्णयात प्रथम क्रमांक पाहावेत. रिसीव्हर, बोल्ट, कप्प्याचा तळ आणि दस्ता यांवरील आकडे एकच असल्यास ती बंदूक एकाच जन्माची ठरते. पण दुरुस्तीगृहांत निरनिराळ्या बंदुकांचे सुटे भाग एकत्र जमवून मागाहून तोच आकडा ठोकण्याचीही चाल होती. असा आकडा जवळून पाहिल्यास जुन्या खोडलेल्या आकड्याशेजारी किंवा विजेच्या लेखणीने कोरलेला दिसतो. ही लबाडी नव्हे, कारण लष्कराला ती बंदूक वापरावयाची होती. परंतु संग्राहकाच्या दृष्टीने तिचे मोल कमी होते. शिकारीच्या सोयीसाठी कापलेला दस्ता, दुर्बिणीकरिता पाडलेली भोके, किंवा चकाकीसाठी घासून पुसट केलेला शिक्का यांनी मात्र किंमत पुष्कळच उतरते, कारण गेलेले लाकूड आणि पुसलेले अक्षर पुन्हा आणता येत नाही. मूळची संगीन व पट्टा सोबत असल्यास दर वाढतो.

नळी आतून अवश्य पाहावी. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतील रसायन उडाल्यावर क्षारकण मागे ठेवते. ते हवेतील आर्द्रता शोषून पोलादाला गंज चढवितात, आणि सफाई वेळीच न झाल्यास नळीतील आटे खड्ड्याखड्ड्यांचे होतात. ग्रीसमध्ये बुडवून गोदामात ठेवलेली, फारशी न झाडलेली एम-४८ या बाबतीत सुदैवी असते. तिची नळी अनेकदा जणू कालच घडविल्यासारखी निघते.

तरीही माझे मत एम-२४/४७ कडे झुकते. तिच्यात राजेशाही, महायुद्ध आणि समाजसत्ता या तिन्हींच्या खुणा एकत्र येतात, आणि चकचकीत एम-४८ च्या तुलनेत तिच्याकडे लक्ष कमी जाते. कोणतीही घ्यावी, पण बोल्ट व नळी यांचा मेळ जाणत्या बंदूकसाजाने तपासल्याशिवाय आणि परवान्याचे कागद पुरे झाल्याशिवाय तिच्यात काडतूस घालू नये.